ओइवाची लांबची वाट

माझा नवरा ओइवा कुर्त्ती आयुष्यात एकदाच खोटं बोलला, पण ते चाळीस वर्षं नेटाने बोलत राहिला. बाकी माणूस सरळ आहे. तीस हिवाळे त्याने नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. आमच्या लेहमीवारा गावात कुणालाही विचारा, ओइवाने कधी कुणाच्या फाटकासमोर बर्फाचा ढिगारा करून ठेवला नाही. आमच्याकडे माणसाचं याहून जास्त कौतुक करायची पद्धत नाही. निवृत्त झाला तेव्हा गावाने त्याला एक फावडं भेट दिलं.

बोलायचं म्हणाल तर त्याच्या तोंडात कायम गुळणी. हो म्हणायचं असेल तर तो श्वास आत ओढतो आणि त्या श्वासाबरोबर एक बारीकसा ‘यो’ ऐकू येतो. लग्नात पास्टरने विचारलं, ‘साइमीचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?’ तेव्हाही त्याने एवढंच केलं. पास्टर दक्षिणेकडून नवा आलेला, त्याला वाटलं मुलाला उचकी लागली. त्याने थोडं थांबून परत विचारलं. ओइवाने परत श्वास ओढला. शेवटी मीच पुढे होऊन सांगितलं की तो हो म्हणतोय, आता पुढचं वाचा.

आता ते खोटं. आमच्या दलदलींत उन्हाळ्याच्या शेवटी हिल्ला पिकते. बोराएवढं पिवळं फळ, एका देठाला एकच. जंगल सगळ्यांचं, जमीन कुणाचीही असो, हिल्ला जो वेचेल त्याची. त्यामुळे चांगली जागा सापडली की ती राखायला कुंपण चालत नाही, फक्त तोंड बंद ठेवावं लागतं. आमच्याकडे माणूस स्वतःच्या आजारपणाबद्दल, सासूबद्दल, मुलाच्या दारूबद्दल दुकानात उभा राहून बोलेल, पण हिल्लाची जागा बायकोलासुद्धा सांगणार नाही. ओइवाच्या वडिलांनी ती त्याला मरताना कानात सांगितली. मग ते बरे झाले आणि आणखी चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत बापलेक एकमेकांशी धड बोलले नाहीत. सांगितलं याचा म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला होता.

दर ऑगस्टला ओइवा पहाटे गाडी घेऊन निघायचा आणि गाडी आठ किलोमीटरवर दुकानापाशी उभी करायचा. तिथून पायी जंगलात शिरायचा. संध्याकाळी दोन बादल्या भरून यायचा, त्यावर बर्च झाडाची पानं झाकलेली, चेहरा चोरासारखा. शेजारचा रेइनो एका वर्षी त्याच्या मागावर गेला. ओइवाला ते कळलं. त्याने रेइनोला पाच तास जंगलात फिरवलं, एका ओढ्यात दोनदा उतरवलं, आणि शेवटी रेइनोच्याच अंगणात मागच्या बाजूने आणून सोडलं. रेइनोला घर ओळखू यायला थोडा वेळ लागला. तेव्हापासून त्याने नाद सोडला.

मीही विचारलं नाही असं नाही. पहिली दहा वर्षं गोडीने विचारलं, पुढची दहा वर्षं भांडून. तो म्हणायचा, “आहे तिकडे.” आणि हनुवटीने दिशा दाखवायचा. दिशा दर वर्षी वेगळी असायची.

आणि दुसरं म्हणजे पाउहू. पाउहू हा आमचा धबधबा. जिल्ह्यातला सर्वांत दुर्गम धबधबा म्हणून आम्हाला त्याचा फार अभिमान. दुकानात त्याचा फोटो आहे, नगरपालिकेच्या कागदांवर त्याचं चित्र आहे. तिकडे पायवाट नाही. चर्चपासून निघायचं, टेकडीची धार धरायची, दोन ओढे ओलांडायचे, पडलेल्या झाडांवरून कसरत करत सोळा किलोमीटर चालायचं. जायला सात तास, यायला सात तास. आणि ही वाट माहीत असलेला माणूस एकच, ओइवा कुर्त्ती. शाळेची मुलं, पाहुणे, एकदा तर हेलसिंकीहून आलेले चार वैज्ञानिक, सगळ्यांना त्यानेच नेलं. एक पै घेतली नाही. लोक सुजलेल्या पायांनी परत यायचे आणि जन्मभर सांगायचे की आम्ही पाउहूला जाऊन आलोय.

मलाही त्याने तिकडेच नेलं होतं, लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात. सात तास चालले. दोन्ही टाचांना फोड आले, पोट भरून डास खाल्ले. धबधब्यापाशी पोचल्यावर त्याने लग्नाचं विचारलं. परतीची वाट एकटीला सापडली नसती म्हणून मी हो म्हटलं. ही गोष्ट मी चाळीस वर्षं हौसेने सांगत आले आहे.

नकाशात पाहिलं तर पाउहू आमच्या घराच्या वायव्येला अगदी जवळ दिसतो. पण मध्ये निळ्या आडव्या रेघा आहेत. आडव्या रेघा म्हणजे उघडी दलदल, पाय ठेवायचा नाही. कधी कुणी फोन हातात धरून म्हणायचं, “ओइवा, हे सरळ गेलं तर दोनच किलोमीटर आहे की.” ओइवा म्हणायचा, “फोनला दलदल दिसत नाही.” मग तो त्यांना आमच्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या झाडीपलीकडे नेऊन एक बूट दाखवायचा. दलदलीच्या काठाजवळ चिखलात उलटा रुतलेला रबरी बूट, तळवा वर. “दक्षिणेकडचा होता,” ओइवा हळू आवाजात म्हणायचा. “सरळ गेला.” लोक टोप्या काढायचे. तो बूट ओइवाचाच होता. डावा. मी त्याला ठिगळ लावलं होतं, मला ओळखता येणार नाही का? पण मला वाटायचं, लोकांच्या जिवाला धोका नको म्हणून करतोय बिचारा.

जाता जाता आणखी एक सांगते. वायव्येचा वारा असला की आमच्या अंगणात घूं असा आवाज येतो. नवी नवरी होते तेव्हा विचारलं, हा कसला आवाज? ओइवा म्हणाला, विजेच्या तारा. मी वीजवाल्यांना दोनदा पत्र लिहिलं. त्यांचा माणूस आला, खांबावर चढला, उतरला, म्हणाला तारा ठीक आहेत. ओइवाने त्याला कॉफी पाजून घाईघाईने वाटेला लावलं.

आता माझी बहीण इम्पी. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्या गोठ्यात बारा गाई, कधी तेरा. पहाटे पाचला दूध, संध्याकाळी पाचला दूध, पन्नास वर्षं. तिचा नवरा तौनो असेपर्यंत दोघं मिळून, तो गेल्यावर एकटी. गाईंना सुट्टी नसते, नाताळ कळत नाही, बहिणीचं लग्नही कळत नाही. माझ्या लग्नातून ती केक कापायच्या आधी उठून गेली होती. अशा बाईला चौदा तासांचा धबधबा कुठून जमणार? सगळ्या गावाने पाउहू पाहिला, एका कुत्र्यानेही पाहिला, इम्पीने नाही. तौनो दर वर्षी म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात दूध काढायला कुणीतरी ठेवू आणि जाऊ. पुढचा उन्हाळा आला की कुठली तरी गाय विणार असायची.

मग तौनो गेला, पुढे गाई गेल्या, शेवटी इम्पीचे गुडघे गेले. दोन्ही. तिचा मुलगा आर्तो दूर लाहतीला असतो. त्याने ठरवलं की आईने आता इकडे एकटं राहायचं नाही. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. मंगळवारी इम्पी आमच्याकडे कॉफीला आली. चमच्याने कॉफी ढवळत होती, साखर न घालताच. म्हणाली, “सगळं आवरलं. भांडी वाटली, मांजर रेइनोला दिलं. पाउहू तेवढा राहिला.”

ती रडवेलं वगैरे काही बोलली नाही. राहिलेल्या यादीतली एक गोष्ट सांगावी तसं बोलली, आणि बिस्किट उचललं. पण मला कसंतरी झालं. मी ओइवाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत त्याचे कान मी दोनदाच लाल झालेले पाहिले होते, एकदा लग्नात आणि एकदा थंडीने.

दुसरा दिवस त्याने लाकडं फोडण्यात घालवला. ती लाकडं आधीच फोडलेली होती. तिसऱ्या दिवशी ती उचलून दुसरीकडे रचली. रात्री जेवला नाही. मी म्हटलं, “पोट बिघडलंय का?” त्याने श्वास आत ओढला नाही म्हणजे पोट ठीक होतं. शुक्रवारी सकाळी बटाटे सोलत असताना मागून आवाज आला.

“इम्पीला नेता येईल.”

“कुठे?”

“तिकडे.”

“सोळा किलोमीटर? त्या गुडघ्यांवर? पाठीवर घेणार आहेस?”

“दुसरी वाट आहे.”

मी सुरी खाली ठेवली. “कुठली दुसरी वाट?”

त्याने आधी सुरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “डोळे बांधावे लागतील.”

“कुणाचे?”

“दोघींचे.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी फक्त एवढंच समजले की या वाटेवर कुठेतरी ती हिल्लाची जागा आहे, आणि चाळीस वर्षांनी माझ्या नवऱ्याला घाम फुटलाय. इम्पीसाठी मी कशालाही तयार होते. म्हटलं, ठीक आहे, बांध.

शनिवारी सकाळी मी दोन रुमाल काढले. इम्पीला लोकरीचा जाड दिला आणि स्वतःला उन्हाळ्यातला बारीक. धुवून धुवून त्याची जाळी झाली होती. ओइवाने गाडीत बसवून दोघींचे डोळे बांधले आणि माझ्यासमोर हात धरला.

“किती बोटं?”

“कुठली बोटं?” मी म्हटलं. तीन होती. अंगठ्याला बुधवारी लाकडं फोडताना लागल्याचं फडकंही दिसत होतं. या घरात दोघांपैकी एकानेच खोटं बोलावं असा काही नियम नाही.

मग त्याने गाडी सुरू केली आणि आम्हाला दिशा कळू नये म्हणून गावाला प्रदक्षिणा घालायला लागला. रुमालातून मी सगळं बघत होते. चर्चला वळसा, दुकानाला वळसा, परत चर्च, मग थोडं मागे मागे, मग परत दुकान. दुकानाच्या पायरीवर रेइनो उभा होता. पहिल्या फेरीला त्याने हात केला. दुसऱ्या फेरीला हात अर्ध्यावर थांबवला. तिसऱ्या फेरीला, मागच्या सीटवर डोळे बांधलेल्या दोन म्हाताऱ्या बघून, तो आत निघून गेला.

“पाव भाजतायत,” इम्पी म्हणाली. “दुकान.” थोड्या वेळाने, “परत दुकान.” मग, “हा चर्चपाशी खड्डा आहे तो. ओइवा, तू रस्ता विसरलास की पेट्रोल जास्त झालंय?”

“लांब आहे,” ओइवा म्हणाला.

“हो, लांब असणारच. तिसऱ्यांदा चाललोय.”

वीस मिनिटांनी गाडी थांबली. मी रुमालातून बाहेर पाहिलं आणि क्षणभर वाटलं, डोळे फिरले. आम्ही आमच्याच सॉनाच्या मागे उभे होतो. माझी धुणं वाळत घालायची दोरी समोर होती. ओइवाने झाडीतून लाकडं ओढायची प्लास्टिकची घसरगाडी काढली, तीच जी हिवाळ्यात बर्फावर ओढतात. त्यात सोफ्याची उशी ठेवली आणि इम्पीला उचलून बसवलं. ओढताना तिच्या तोंडावरून दोरीवरचं काहीतरी घासत गेलं.

“इथे कुणाचे तरी कपडे वाळतायत,” इम्पी म्हणाली.

“शिकारी असतील.”

“शिकाऱ्यांच्या उशीच्या अभ्र्यांना लेस असते?”

ओइवाने दोरी आणखी जोरात ओढली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी घसरगाडीची मागची दोरी धरून आंधळी असल्यासारखी चालत होते आणि मनात वर्षं मोजत होते. माणूस आठ किलोमीटरवर गाडी ठेवून, जंगलातून पायी परत येऊन, आपल्याच घराच्या मागे हिल्ला वेचत होता. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत त्याची वाट बघत बसायचे, आणि तो खिडकीपासून तीनशे पावलांवर झुडपांत ओणवा.

आम्ही त्या उलट्या बुटाच्या शेजारून गेलो. ओइवाने बुटाच्या बरोबर डावीकडे चिखलात पाय टाकला. मी डोळे मिटले. उघडले तर तो बुडाला नव्हता. शेवाळाखाली जुने ओंडके टाकलेले होते, त्याच्या वडिलांनी, नाहीतर त्यांच्याही वडिलांनी. वरून काही दिसत नव्हतं. माहीत असेल त्याने चालत जावं. घसरगाडी ओल्या शेवाळावरून अशी सरकत होती की इम्पीला मजा वाटायला लागली. डास मात्र होतेच. डोळे बांधलेल्या माणसाला डास कुठून येतो ते दिसत नाही, त्यामुळे इम्पी हवेत दोन्ही हात फिरवत निघाली होती, बँडसमोर उभ्या असलेल्या माणसासारखी. दोनदा तिने ओइवाच्या पाठीवर फटका मारला. दुसरा मुद्दाम होता.

आणि मग तो वास आला. मी तर बघतच होते. दलदल संपून जराशी उंच, कोरडी पट्टी लागते, तिथपासून पलीकडच्या झाडांपर्यंत नुसती पिवळी हिल्ला. पाय ठेवायला जागा नाही. माझ्या जन्मात एवढी हिल्ला एका ठिकाणी पाहिली नव्हती.

“हिल्ला,” इम्पी म्हणाली.

“नाही,” ओइवा म्हणाला.

“ओइवा, गुडघे माझे शहात्तर वर्षांचे आहेत. नाक अजून सोळाचं आहे.”

“शेवाळाचा वास आहे.”

घसरगाडी एकेका फळावरून जायची आणि पचकन आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला ओइवा दातांतून श्वास आत ओढायचा. इम्पीला वाटलं तो हो म्हणतोय. “बघ, कबूल करतोय,” ती मला म्हणाली.

पुढे तो विजेच्या तारांचा आवाज वाढत चालला. वीज इतकी वाढली की बोललेलं ऐकू येईना, आणि ओइवा थांबला. त्याने आधी इम्पीचा रुमाल सोडला, मग माझा. मी डोळे चोळत चोळत आश्चर्य दाखवलं. तेवढं जमलं.

पाउहू माझ्या आठवणीपेक्षा मोठा होता, की फोड आलेल्या पायांनी नीट पाहिला नव्हता कोण जाणे. चहाच्या रंगाचं पाणी काळ्या कड्यावरून उतरून खाली पांढरं होत होतं आणि फेसाचे गोळे कुंडात गोल फिरत होते. इम्पी घसरगाडीत बसूनच बघत राहिली. मी म्हटलं, थोडं जवळ नेऊ का? तिने नको अशी मान हलवली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तिचा चेहरा ओला होता, पण तिथे सगळ्यांचाच होतो, तुषार उडतात. माझं म्हणाल तर मी रडत होते. मला लपवायची सवय नाही.

तिथे एक लाकडी आडोसा आहे. ओइवाने तिथे जाळ केला, कॉफी केली, आमच्याकडच्या पद्धतीने चीजचे तुकडे कपात टाकले. आडोशाच्या खुंटीला एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वही. येणारा प्रत्येक जण नाव लिहितो, तारीख लिहितो आणि पोचायला किती वेळ लागला ते लिहितो. सात तास. साडेसात. एका शाळामास्तरने नऊ तास लिहून खाली दोन रेघा मारल्यात. इम्पीने नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर थांबली.

“ओइवा, किती वाजले?”

“साडेअकरा,” ओइवा अगदी हळू म्हणाला.

इम्पीला घड्याळाची गरज नव्हती. पन्नास वर्षं पाचाच्या ठोक्याला उठलेली बाई. तिला फक्त खात्री करायची होती.

“गाडीतून उतरलो तेव्हा साडेदहाही झाले नव्हते. इथे अर्धा तास तर बसलोच.” ती बोटांवर मोजायला लागली. “चाळीस मिनिटं. चाळीस यायला, चाळीस जायला. एक कप कॉफी.” तिने बोटं मिटली. “दोन दुधांच्या मध्ये बारा तास असतात, साइमी.”

मी ओइवाकडे पाहिलं. तो जाळात एक काडी इकडून तिकडे ढकलत होता. ती काडी केव्हाच जळून गेली होती, तो बोट ढकलत होता.

“गाईंना कळलंसुद्धा नसतं,” इम्पी म्हणाली.

ओइवाची नजर त्या पेन्सिलीवर होती. वहीत एकदा चाळीस मिनिटं लिहिलं गेलं की संपलं. सोमवारी रेइनो, मंगळवारी सगळा गाव, पुढच्या उन्हाळ्यात हेलसिंकीचे वैज्ञानिक सोफ्याच्या उशा घेऊन येणार. चार पिढ्यांची हिल्ला. तरी तो काही बोलला नाही. हात पुढे केला नाही, विनवलं नाही. त्याबद्दल मी त्याला मानते.

इम्पीने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘बराच वेळ.’ वही बंद केली, डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं.

परत निघताना ओइवाने माझा रुमाल बांधला. इम्पीचा बांधायला गेला आणि त्याचे हात थांबले. त्याने तो लोकरीचा रुमाल तिच्या गुडघ्यांवर पांघरला आणि दोरी खांद्यावर घेतली. माझ्या डोळ्यांवर रुमाल आहे म्हणजे मला दिसत नाही असं तो धरून चालला होता, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. नाहीतर त्याने ते माझ्यासमोर कधी केलं नसतं.

त्या पिवळ्या पट्टीपाशी येऊन तो थांबला. दोरी खाली टाकली. टोपी काढली आणि घसरगाडीसमोर उभा राहिला. तीस वर्षं बर्फ ढकललेला सहा फुटी माणूस, पण दोन्ही हातांत टोपी घेऊन मास्तरांसमोर उभ्या पोरासारखा दिसत होता.

“तौनोने विचारलं होतं मला,” तो म्हणाला.

इम्पीने गुडघ्यांवरचा रुमाल नीट केला.

“मासे धरायला गेलो होतो तेव्हा. म्हणाला, जवळची वाट नाही का रे, इम्पीला न्यायचंय. गाईंच्या मध्ये बसेल अशी.”

“तू काय म्हणालास?”

“नाही म्हणालो.” टोपी हातांत एकदा फिरवून म्हणाला, “दोनदा विचारलं त्याने.”

एवढं सलग बोलताना मी ओइवाला कधी ऐकलं नव्हतं. मागे पाण्याचा आवाज चालू होता. इम्पी समोरच्या हिल्लाकडे बघत होती, टोकापासून टोकापर्यंत, गोठ्यात सगळ्या गाई आल्या का बघावं तशी. तिने त्याला माफ केलं असं मी सांगणार नाही. तिने तसं काही म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर फोनवरही नाही.

“बादली आणलीस?” तिने विचारलं.

त्याच्या पिशवीत होती. ऑगस्टमध्ये तो बादलीशिवाय कुठेच जात नाही, चर्चलासुद्धा नाही. त्याने ती तिच्या मांडीवर ठेवली.

“ओढ मला,” इम्पी म्हणाली. “हळू. मध्ये ने, कडेकडेने नको. चांगली मध्ये असते.”

आणि माझा नवरा घसरगाडीला जुंपला गेला. आपल्या आजोबांच्या हिल्लामधून तो इम्पीला पाऊल पाऊल ओढत होता. ती दोन्ही बाजूंनी ओणवी होऊन दोन्ही हातांनी वेचत होती, मध्येच एखादं तोंडात टाकत होती. बादली भरली तेव्हा तिने त्याची टोपी मागितली. टोपी भरली. मग बसायच्या उशीचा अभ्रा. ती म्हणेल तिकडे तो वळत होता, ती म्हणेल तिथे थांबत होता, आणि बाहीने नाक पुसत होता.

मी एका दगडावर बसून राहिले, डोळ्यांवर रुमाल, हात मांडीवर. मधे एकदा ओइवाने हाक मारली, “साइमी, कंटाळलीस का?”

“मला काय दिसतंय,” मी म्हटलं. “तुमचं चालू द्या.”